१८० अँपिअरचा अल्टरनेटर, जाड केबल आणि आठ महिने

पहिले तीन आठवडे माझी खात्री होती की नवा अल्टरनेटर (इंजिनाच्या बळावर गाडीची वीज बनवणारं यंत्र) खराबच आला आहे.

गाडी जुनी, डिझेल, मूळ अल्टरनेटर ९० अँपिअरचा. तिच्यावर मी हळूहळू भार चढवत गेलो: आधी अँप्लिफायर, मग जादा दिवे, मग मागे दुसरी बॅटरी आणि प्रवासातला १२ व्होल्टचा फ्रिज. रात्री सगळं चालू असताना बासचा ठोका पडला की हेडलाइट डोळे मिचकवायचे. म्हणून १८० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला, आणि दिवे पूर्वीसारखेच मिचकत राहिले.

शेवटी मल्टीमीटर घेऊन बोनेट उघडलं. सगळा भार चालू, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर. अल्टरनेटरवर मोजलं तर १४.४ व्होल्ट, बॅटरीवर मोजलं तर १३.५. मधले ०.९ व्होल्ट वाटेतच जिरत होते. माझ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, स्वतःच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज बघतो. तिथे १४.४ दिसले की त्याच्या लेखी काम झालं. पुढे बॅटरीपर्यंत काय पोचतं याची त्याला खबरही नसते.

ही तूट नेमकी कुठे आहे ते शोधायची पद्धत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर (जिथून वीज बाहेर पडते) आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर. टोक केबलच्या क्लँपवर नाही, थेट शिशाच्या खुंटावर टेकवायचं, नाहीतर क्लँप आणि खुंटाच्या मधला सांधा मोजमापातून सुटतो. मग तसंच अल्टरनेटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. माझ्याकडे प्लसच्या बाजूला ०.५ आणि मायनसच्या बाजूला ०.४ निघाले. केबलभोवती पकडून करंट मोजणाऱ्या क्लँप मीटरवर तो ११० अँपिअरच्या आसपास होता (डीसी मोजणारा क्लँप मीटर लागतो, साधा एसीचा इथे कामाचा नाही). म्हणजे नुसत्या प्लसच्या वाटेत ५५ वॅट उष्णता, दोन साध्या सोल्डरिंग आयर्नइतकी, बोनेटखाली फुकट जळत होती.

एवढे आकडे हातात असूनही मी मायनसकडे दुर्लक्ष केलं. प्लसची लाल वायर दिसते, रुबाबदार वाटते, आणि सगळे तिच्याबद्दलच बोलतात.

लाल वायरीतही पहिला घास कडू निघाला. ५० चौरस मिलिमीटरची म्हणून घेतलेली केबल हातात हलकी लागली. ब्लेडने एक तार खरवडली तर वरचा तांब्याचा मुलामा निघून आत चांदीसारखं अॅल्युमिनियम. अशी केबल तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बरीच कमी करंट वाहून नेते, आणि दाबून बसवलेल्या लगमध्ये (केबलच्या टोकाची धातूची कडी) अॅल्युमिनियम काळाने सैलावतं. ती परत केली आणि बारीक तारांची, शुद्ध तांब्याची वेल्डिंग केबल आणली. इंजिन माउंटिंगवर सतत हलत असतं, त्यामुळे केबल लवचिक हवी आणि तिला थोडी ढील ठेवायला हवी.

मूळ वायर काढली नाही, नवी तिच्या जोडीला टाकली. नव्या केबलवर २५० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. बरेच जण तो अल्टरनेटरच्या टोकाला लावतात, ते चूक आहे. केबल कुठे घासून बॉडीला टेकली तर खरा लोंढा बॅटरीकडून येतो. अल्टरनेटर त्याच्या क्षमतेपलीकडे देऊच शकत नाही, बॅटरी मात्र शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज त्या टोकाला नसेल तर मधली सगळी केबल पेटायला मोकळी. मागच्या दुसऱ्या बॅटरीच्या केबलला याच कारणाने दोन्ही टोकांना फ्यूज आहे.

लाल केबल झाल्यावर प्लसची तूट ०.५ वरून ०.१ वर आली. बॅटरीवर १३.९. दिवे थोडे सुधारले, पण मिचकणं काही थांबेना. तेव्हा कुठे काळ्या, म्हणजे मायनसच्या बाजूला हात घातला.

इंजिनापासून बॉडीला जाणारी कंपनीची विणलेली पट्टी बाहेरून ठीक दिसत होती. काढून वाकवली तर आतून हिरवी, निम्म्या तारा तुटलेल्या. अल्टरनेटर इंजिनावर बसतो आणि त्याचं मायनस इंजिनातूनच जातं, म्हणजे जितका करंट लाल वायरने जातो तितकाच या कुजक्या पट्टीतून परत यायचा. सेल्फ मारतानाचा करंटही तिथूनच. पट्टी पुरती गेली असती तर तो करंट मिळेल त्या वाटेने, गिअरच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या धातूच्या केबलमधूनसुद्धा, परतला असता. मग इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी मायनस अशा दोन्ही केबल ५० चौरस मिलिमीटरच्या टाकल्या. बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला आणि मग वरून व्हॅसलीन फासलं. बॅटरीवर १४.२५. त्या रात्री बासवर दिवे हलले नाहीत.

लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). सोल्डर मुद्दाम टाळला. तो तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनाने नेमका तिथेच तुटतो.

नव्या गाड्यांबद्दल एक इशारा. बॅटरीच्या मायनस क्लँपवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर नवी अर्थिंग (मायनसची) केबल थेट खुंटावर लावू नका, सेन्सरच्या पलीकडे बॉडीच्या बाजूला लावा. मित्राने थेट लावली. सेन्सरला निम्मा करंट दिसेनासा झाला, गाडीचा चार्जिंगचा हिशोब बिघडला आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं स्टार्ट-स्टॉप बंद पडलं.

आठ महिन्यांत काय झालं? दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट पाव-पाव फेरी आणखी आवळावे लागले. केबलच्या तारा आत बसतात, बोल्ट सैल होतो, सैल बोल्ट तापतो, त्यामुळे ही फेरी टाळू नये. तिसऱ्या महिन्यात एसीच्या पाइपच्या ब्रॅकेटला घासून संरक्षक नळी फाटलेली दिसली. केबल वाचली होती. रबर लावलेल्या क्लँपने ती बाजूला ओढली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवली होती, तिथे काही त्रास नाही.

अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट मात्र कुरकुरतो. १४ व्होल्टवर १८० अँपिअर म्हणजे अडीच किलोवॅट, आणि अल्टरनेटरमधली उधळपट्टी धरली तर बेल्टवर चार किलोवॅटच्या घरात भार. पूर्ण भारावर गार इंजिनाला सकाळी पहिल्या मिनिटात किंचाळी येते. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर जुना आहे.

आयडलिंगचं दुखणं केबलने गेलेलं नाही. इंजिन स्लोवर असताना अल्टरनेटरच हळू फिरतो, गरम झाला की आणखी ढिला पडतो. सिग्नलला एसी, फॅन आणि फ्रिज एकदम चालू झाले की बॅटरी १३ च्या खाली जाते. लहान पुलीने हे सुधारेल असं सांगणारे बरेच भेटले. पण मग वरच्या आरपीएमला अल्टरनेटर मर्यादेबाहेर फिरणार, म्हणून ते केलं नाही. सिग्नलला फ्रिज बंद करतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा मोजलं. प्लसला ०.११, मायनसला ०.०५. पुढच्या सर्व्हिसला टेन्शनर.