शॉक बदलायला गेलो, जुनाच घेऊन आलो

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत हे गॅरेज आहे. पाटी नाही, भजीवाल्याला विचारावं लागतं. माझी बाइक हिरो एक्सपल्स 200 4व्ही प्रो. पुढे 250, मागे 220 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलायला मिळणारी जागा), आणि तरी बदलापूरपुढे कोंडेश्वरच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या दगडाला कंबरेत कळ यायची. नवा शॉक टाकायचाच, असं ठरवून गेलो होतो.

गॅरेजवाल्या चाचांनी शॉककडे पाहिलंही नाही. आधी मला हेल्मेट, बूट, पाण्याच्या बॅगेसकट शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं. 96 किलो! मग मागचं चाक उचलून एक्सलपासून वरच्या खुणेपर्यंत टेप लावली आणि मी बसल्यावर पुन्हा मोजलं. फरक 95 मिलिमीटर. हा सॅग ट्रॅव्हलच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका हवा, म्हणून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीपासूनचा दाब, आवळून 72 वर आणला.

खरा घोळ रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत वर येतो त्याचा, निघाला. आधीच्या एका गॅरेजात "गाडी उडते" म्हटल्यावर त्यांनी तो स्क्रू पार गच्च करून दिला होता. मग काय, शॉक एका दणक्याला दबला की वर यायला वेळ लावणार, तेवढ्यात दुसरा दगड, लगेच तिसरा. दबत दबत ट्रॅव्हलच संपायचा आणि मी मात्र स्प्रिंग कडक आहे म्हणून बोंबलत होतो. चाचा दोन-दोन क्लिक सोडायचे, सीटवर जोर देऊन बघायचे, मला गल्लीतल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून फिरवून आणायचे. असं पाच वेळा. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकच्या, सीलमधून तेल झिरपत होतं, तिथे जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी फिरवून चिखल काढला. सील बदललं नाही, गळती थांबली.

तक्रार एकच. किती क्लिक सोडले ते कागदावर देत नाहीत, मोबाइलमध्ये टिपून घ्या. आणि शनिवारी जाऊ नका, मी तीन तास बाकड्यावर होतो.

गेल्या रविवारी त्याच वाटेवर गेलो. दगड लागतात, पण आता एकेकटे लागतात. बिल 1,400 रुपये.

एक काम मात्र बाकी आहे. प्रीलोड आवळल्यावर मी उतरलो की गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम 10 मिलिमीटर बसते. म्हणजे स्प्रिंग माझ्या वजनाला नरम पडते, म्हणून ती एवढी आवळावी लागली. स्प्रिंग बदला नाहीतर दहा किलो उतरवा, म्हणाले चाचा. तेव्हा माझ्या हातात भजीची दुसरी प्लेट होती.