आरटीएक्स ५०७० टीआय : नागपुरात आठ महिने वापरल्यावर

एप्रिल २०२५ मध्ये ८८ हजार मोजून एनव्हिडियाचं हे ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरवर गेमचं चित्र तयार करणारा भाग) घेतलं. निव्वळ हौसेसाठी एवढ्या किमतीची वस्तू आमच्या घरात पहिल्यांदाच आली. नव्याचे नऊ दिवस सरू दिले. आता एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दिवाळी पाहून झाल्यावर लिहितोय.

आधीचं कार्ड जीटीएक्स १०७०. २०१७ च्या दिवाळीत बर्डीवरून (सीताबर्डी, आमची नागपूरची बाजारपेठ) ३६ हजारांना घेतलं होतं आणि साडेसात वर्षं चाललं. मध्ये २०२१ साली बदलायला गेलो, तर इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगमुळे (कार्डांवर आकडेमोड करून ते चलन मिळवणं) बाजारात कार्डंच नव्हती. ज्या ३०७० ची जाहीर किंमत ४९९ डॉलर, त्याचे मला नव्वद हजार सांगितले. वर मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायही तिथूनच घ्यायची अट. हात हलवत परत आलो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली, तेव्हा वाटलं की आता भाव उतरतील. महिन्याभरात ४०९० आलं, १,५९९ डॉलरला. त्यापुढचं ५०९० तर १,९९९ डॉलरचं, आलं तेव्हा भारतात २ लाख १४ हजारांपासून पुढे.

मग ५०७० टीआयच का, हे नीट सांगतो, कारण दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही. कार्डाच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका, आत कोणती चिप आहे ते बघा. माझं १०७० म्हणजे त्याच्या वरच्या १०८० या कार्डाचीच चिप, काही भाग बंद केलेली, २५६ बिटच्या मेमरी बसची (बस म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, जितका रुंद तितका चांगला). आजच्या ५०७० मध्ये वेगळी, लहान चिप आहे, बस १९२ बिटची आणि मेमरी १२ जीबी. ५०८० ची चिप काही भाग बंद करून, २५६ बिट आणि १६ जीबीसह ज्या कार्डात मिळते, ते ५०७० टीआय. म्हणजे २०१६ मध्ये जी जागा ३७९ डॉलरला मिळत होती, तिचे २०२५ मध्ये ७४९ डॉलर झाले. त्यात तेव्हा पासष्टच्या आसपास असलेला डॉलर मी कार्ड घेतलं तेव्हा पंचाऐंशीच्या वर गेलेला, आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. ३६ हजारांचे ८८ हजार असे झाले. पगार या हिशेबाने वाढलेला नाही, माझा तरी नाही.

मेमरीसाठी मात्र मी अडून बसलो आणि त्याचं आजही समाधान आहे. १४४० पीवर (स्क्रीनवर उभ्या दिशेने १४४० ठिपके, १०८० पीपेक्षा जास्त बारकावा) टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांचा तपशील, सगळ्यात वर ठेवून रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावल्या दाखवणं) चालू केलं की काही गेम १२ जीबीच्या वर जाताना मी स्वतः पाहिलेत. कार्ड सात-आठ वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका. १०७० एवढं टिकलं ते त्यातल्या ८ जीबीमुळेच.

आता उन्हाळ्याचं. आमचं घर त्रिमूर्तीनगरात, वरच्या मजल्यावर. कार्ड आलं त्याच आठवड्यात पारा ४४ च्या घरात. स्लॅब दिवसभर तापलेला, संध्याकाळी सातला खोलीतलं थर्मामीटर ३७ दाखवतंय, आणि त्यात हे ३०० वॅटचं कार्ड. ३०० वॅट म्हणजे तेवढी उष्णता खोलीतच सोडली जाते, हे कार्ड घेताना कोणी लक्षात घेत नाही. तासाभरात कार्ड ८० अंशांवर, पंखे जोरात, आणि माझ्या पाठीला घामाच्या धारा. परदेशातले रिव्ह्यू २१-२२ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. तिथल्या तापमानाच्या आकड्यांत आपल्या उन्हाळ्याचे १५ अंश मिळवूनच विचार करा.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवायची चूक करू नका. माझा डेझर्ट कूलर खिडकीत आहे. पहिले चार दिवस मी त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेतला. तापमान खरंच उतरलं, पण आठवड्याने कॅबिनेटची काच उघडली तर पुढच्या जाळीवर ओलसर धुळीचा थर आणि पांढरे ठिपके. आमच्याकडे कूलरमध्ये बोअरचं पाणी असतं, त्यातले क्षार तुषारांबरोबर येतात. लाखाच्या वस्तूवर ते नको. आता झोत माझ्यावर, कॅबिनेट बाजूच्या भिंतीकडे, जमिनीपासून दीड फूट उंच. पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करतो.

खरा फरक पडला तो अंडरव्होल्टने, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवण्याने. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज-वेगाचा कर्व्ह उघडून ०.९२५ व्होल्टला २,७०० मेगाहर्ट्झ बांधून दिले. २९५ वॅट खाणारं कार्ड २३५ च्या आसपास आलं, ८० अंशांचे ७२ झाले, पंख्यांचा आवाज निम्म्यावर. ज्या ठिकाणी सेकंदाला १०४ फ्रेम (चित्रं) मिळत होत्या तिथे १००. चार फ्रेम देऊन खोली बसण्यासारखी होते. प्रत्येक चिप वेगळी असते, म्हणून माझे आकडे जसेच्या तसे टाकू नका. थोडं थोडं कमी करत दोन-तीन दिवस खेळून बघा. पूर्ण पीसी भिंतीतून ४०० वॅटच्या आत घेतो. आठवड्यातले पाच दिवस, रोज तीन तास धरले तर महिन्याला २५ युनिटच्या आसपास. हिवाळ्यात ते जाणवत नाही, पण उन्हाळ्यात कूलर-फ्रिज धरून ३०० युनिटची रेघ ओलांडली की विजेच्या पुढच्या टप्प्याचा दर लागतो. तो हिशेब घरी आधीच सांगून ठेवा.

कार्डाच्या किमतीपाठोपाठ बाकीचा खर्च येतो. माझा जुना पॉवर सप्लाय ५५० वॅटचा, या कार्डाला किमान ७५० सांगितलेला. ८५० चा घेतला, त्याचे साडेदहा हजार. कार्ड जवळजवळ ३३ सेंटिमीटर लांब, म्हणून कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा काढावा लागला. खालून टेकू आणि दोन पंखे, आणखी तीन हजार. एक लाख पार. कार्डाला वीज देणारा सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत बसलाय ना, हे टॉर्च लावून बघा. वायर कनेक्टरपाशीच वाकवू नका. मे महिन्यात अवकाळी पावसाने लाइट सतत येत-जात होती, तेव्हा जुना यूपीएस कामी आला.

गेमिंगबद्दल फार लिहीत नाही, आकडे सगळीकडे आहेत. माझा मॉनिटर २७ इंची, १४४० पी, १६५ हर्ट्झ. साध्या सेटिंगला हे कार्ड कुठेच अडत नाही. सायबरपंक २०७७ या गेममध्ये पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) लावून, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करणारं तंत्र) क्वालिटीवर ठेवून साठ फ्रेमच्या आसपास मिळतं. रात्रीच्या पावसात ओल्या रस्त्यावर पडलेला निऑनचा उजेड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गाडी थांबवून नुसता बघत उभा राहिलो. मल्टी फ्रेम जनरेशनने (खऱ्या फ्रेमच्या मध्ये एआयने बनवलेल्या जादा फ्रेम घालणं) हाच आकडा दीडशेच्या वर जातो, डोळ्यांना गुळगुळीतही वाटतं. पण हाताला तो साठचाच राहतो. मूळ फ्रेम पन्नासच्या खाली असतील तर माउस जड वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर करताना ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० च्या बरोबरीचं असल्याचं सांगितलं गेलं. ते याच जादा फ्रेम मोजून. कार्डांची तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचेच आकडे धरा.

एक खरी तक्रार : कॉइल व्हाइन, म्हणजे कार्डातल्या कॉइलच्या कंपनाचा आवाज. फ्रेम २०० च्या वर गेल्या की कार्डातून बारीक किर्र आवाज येतो. दुकानदार म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. ८८ हजारांच्या वस्तूबद्दल असं उत्तर मला अजूनही पटलेलं नाही. फ्रेम १६० वर बांधून ठेवल्यापासून आवाज जवळपास नाही.

थांबलो तर स्वस्त मिळेल का, असं बरेच जण विचारतात. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची उलाढाल १३०.५ अब्ज डॉलर; त्यात डेटा सेंटरचे ११५, गेमिंगचे अकराच्या थोडे वर. वेफर (चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या) तेच, मेमरीचे कारखाने तेच, आणि एआयवाला गेमरच्या कितीतरी पट भाव द्यायला तयार. तो माल आपल्यासाठी कोण वळवणार? २०२३ मध्ये साडेआठ हजारांना घेतलेल्या ३२ जीबी डीडीआर५ रॅमचे परवा बर्डीवर तीस हजारांच्या पुढे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने आपल्या क्रुशल या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलंय. कार्डावरही मेमरीच लागते. मला तरी भाव उतरण्याचं चिन्ह दिसत नाही. खरंच गरज असेल तर घेऊन टाका. १०८० पी मॉनिटर असेल तर मात्र हे कार्ड घेऊ नका. तो पैसा मॉनिटरच्या दोन पिढ्या पुरेल.

जुनं १०७० वर्ध्याच्या भाच्याला दिलं. ऑक्टोबर २०२५ नंतर त्या कार्डाला नवे गेम ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळत नाहीत, सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. भाचा १०८० पीवर खेळतो, साठ फ्रेम मिळतात, खूश आहे. परवा फोनवर विचारत होता, "मामा, मी किती साठवले तर तुझ्यासारखं कार्ड येईल?" बारावीचं वर्ष आहे त्याचं. मी खरा आकडा सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हेच चालवतो मग." त्याच्यासाठी थर्मल पेस्टची ट्यूब आणून ठेवलीय. पुढच्या रविवारी वर्ध्याला गेलो की कार्ड उघडून साफ करून देईन.