लोखंडी बाक 'नवा करून' देणाऱ्यांपासून सावध राहा

गेल्या उन्हाळ्यात धुळ्यात आमच्या देवपूर भागात एक माणूस छोटा टेम्पो घेऊन गल्लोगल्ली फिरत होता. अंगणातल्या जुन्या लोखंडी खुर्च्या, बाक, झोपाळे घेऊन जायचे. गंज घासून, रेडऑक्साइड (गंज रोखणारा विटकरी अस्तराचा रंग) मारून, वर ऑइलपेंटचे दोन हात देऊन घरपोच आणायचे, असा त्याचा धंदा. "ताई, नवं करी देसू," म्हणाला. बाक आणि दोन खुर्च्यांचे मिळून २,२०० रुपये ठरले, निम्मे आधी. नवीन लोखंडी सेटच्या किमती पाहता कोणालाही हे परवडण्यासारखंच वाटेल.

मधे त्याने मोबाईलवर फोटो पाठवला: घासलेला, विटकरी रंगाचा पाय, अगदी जवळून काढलेला. सामान आलं तेव्हा हिरवागार रंग चमकत होता. वास मात्र रॉकेलचा येत होता, आणि कितीतरी दिवस हात लावला की बोटाला चिकटायचं. ऑइलपेंट पातळ करायला टर्पेंटाइन लागतं. स्वस्तात रॉकेल ओतलं की रंग लवकर वाळत नाही आणि चमकही टिकत नाही.

पाऊस सुरू झाला आणि रंगाला फोड आले. नखाने उचकटलं तर पापुद्रे निघाले, खाली जुना गंज जसाच्या तसा. रेडऑक्साइडचा थेंब नाही. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. त्यावर कितीही चांगला रंग मारा, आतून लोखंड खात राहतो. पण खरा राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. आमचे सासरे बाकावर टेकले आणि मागचा पाय मोडला. पाइपचा पाय खालून पूर्ण कुजलेला होता, त्यात कागदाचे बोळे कोंबून वरून भिंतीची पुट्टी भरली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस खाली आपटला. मनगट मुरगळण्यावर निभावलं. पैसे गेल्याचं दुःख मी गिळेन, पण कुजलेला पाय लपवून त्यावर म्हाताऱ्या माणसाला बसवणं ही फसवणूक नाही, क्रूरपणा आहे.

शेजारच्या काकूंनीही खुर्च्या दिल्या होत्या. त्यांना आलेला फोटो आणि मला आलेला फोटो एकच निघाला! त्याचा फोन तेव्हापासून बंद.

म्हणून कोणाला काम द्यायचं असेल तर आपल्या अंगणातच करून घ्या. रंगाचा, रेडऑक्साइडचा डबा स्वतः दुकानातून आणा आणि सील समोर फोडायला लावा, कारण नावाजलेल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात सुटा रंग भरून आणणारेही असतात. घासून झालं की एकदा बघा, रेडऑक्साइड झालं की पुन्हा बघा, मगच पुढचे पैसे द्या. रंगवलेलं जुनं सामान विकत घेताना चुंबक सोबत ठेवा. पायाच्या बुडाशी, वेल्डिंगच्या सांध्यांवर फिरवा. जाड पुट्टी भरलेल्या जागी तो धरत नाही. बसायच्या पट्टीखाली खिळ्याने जरा ओरखडा काढला तर आतला विटकरी थर दिसायला हवा.

आम्ही शेवटी वेल्डरकडून पाइपचा नवा तुकडा जोडून घेतला आणि बाकीचं घरीच केलं. तारेचा ब्रश, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, रेडऑक्साइड, एक लिटर ऑइलपेंट, टर्पेंटाइन. सगळं मिळून हजाराच्या आसपास. वेळ लागतो तो घासण्यात, रंग मारणं सोपं आहे. घासून झालं की धूळ फडक्याने पुसून त्याच दिवशी रेडऑक्साइड मारायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या लोखंडावर रंग लावू नका, फोड येतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी, तेही सावलीत.

आणि काम बाहेर दिलंच तर पावती घ्या, त्यावर 'गंज काढणे, रेडऑक्साइड एक हात, ऑइलपेंट दोन हात' असं लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार करताना दाखवायला हाती काही कागद लागतो, आणि माझ्याकडे त्या माणसाचा बंद पडलेला नंबर सोडून काहीच नव्हतं.