शिक्का खरा, पाणी भलतंच

तारकर्लीला आमचं छोटं होमस्टे आहे. व्हरांड्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची हौस माझीच. टाकी लावणाऱ्याने २०० लिटरची काच, पंप, वाळू असं सगळं दोन दिवसांत बसवलं. आमच्याच किनाऱ्यावरचं पाणी भरून एक बाटली तपासायला नेली. चौथ्या दिवशी त्याने शिक्क्याचा रिपोर्ट दिला आणि त्याचे १,८०० रुपये वेगळे घेतले. "सगळं लिमिटमध्ये आहे, आजच मासे सोडू." चार क्लाउन मासे सोडले.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले, कल्ले भराभर हलत होते. फोन केला तर म्हणाला, "रिपोर्टात कॅल्शियम ५८च आहे, समुद्राला ४०० लागतं." आणि २,४०० रुपयांची बाटली गळ्यात मारली. मी रोज टोपण मोजून ओतत होतो. पंपावर चुन्यासारखा पांढरा थर बसला आणि दोन मासे मेले.

भाचा रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. त्याला रिपोर्टचा फोटो पाठवला. लगेच फोन आला, "मामानू, ह्या बावयेचा पाणी. दर्याचा न्हय."

रिपोर्टवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ३४० मिलिग्रॅम होता. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आकडा ३५,००० मिलिग्रॅमच्या घरात हवा. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, १८० होता, समुद्राचा ६,००० च्या वर जातो. पीएच ७.१ होता, तो ८.१ च्या आसपास पाहिजे. लिमिटचा रकाना तर पिण्याच्या पाण्याचा: टीडीएस ५००, हार्डनेस २००. कुणाच्या तरी विहिरीचा रिपोर्ट माझ्या नावावर चिकटवला होता. आणि समुद्राला ४०० कॅल्शियम लागतं हे त्याच्याच तोंडचं वाक्य, म्हणजे कागद खोटा आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. याची चीड अजून जात नाही.

खरा घात माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या अमोनियाने केला. रिपोर्टवर तो शून्य होता. भाच्याने आणलेल्या कीटचे थेंब घालून नळी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरली, तर पाणी हिरवंगार. खाऱ्या पाण्याच्या तक्त्याशी रंग जुळवला, गोड्या पाण्याचा तक्ता वेगळा असतो. आकडा २ आला. हवा होता शून्य. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणूच नसतात, ते वाढायला चार ते सहा आठवडे जातात. त्यात पीएच आठच्या वर असला की तोच अमोनिया माशांना जास्त विषारी होतो.

टाकी बसवून चार दिवसांत कुणी मासे सोडू म्हणालं, तर आधी रिपोर्टातला टीडीएस बघा आणि अमोनियाची तपासणी आपल्यासमोर करून घ्या.

तो माणूस आता फोन उचलत नाही. उरलेले दोन मासे भाचा घेऊन गेला. आज अमोनिया शून्य आला, पण नायट्राइट अजून ०.५ आहे, आणि तेही माशांना विषारीच. टाकी माशांविनाच ठेवली आहे.