दोनशे अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: दिवाळी ते गणपती

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात नऱ्ह्याला राहतो. गेल्या दिवाळीच्या आधी बोहरी आळीतून सहा-सात हजारांत सिंगल फेजचं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन उचललं. कंपनीचं नाव लिहीत नाही. उन्हाळा, पावसाळा आणि मंडळाचा देखावा एवढं सगळं त्यावर काढल्यावर आता लिहायला हरकत नाही.

पेटीवर मोठ्या आकड्यात '२००' छापलंय, त्याला भुलू नका. हाताच्या वेल्डिंगमध्ये आर्कचा (रॉड आणि लोखंड यांमधल्या ठिणगीचा) व्होल्टेज २० अधिक अँपियरच्या ०.०४ पट धरतात. म्हणजे २०० अँपियरला २८ व्होल्ट, नुसतं आउटपुटच ५.६ किलोवॅट. घरातल्या १६ अँपियरच्या सॉकेटमधून निघतात जेमतेम ३.७, तेही कागदावर. ८० अँपियरला मात्र आउटपुट १.९ किलोवॅटच्या आत राहतं आणि मशीनमधला तोटा धरूनही एमसीबी (घरातला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. २.५ मिमीचा ६०१३ (साध्या कामाचा नेहमीचा प्रकार) रॉड ६० ते ९० अँपियरमध्ये चालतो, आणि आपल्यासारख्याचं सगळं काम त्यातच उरकतं. माझा नॉब वर्षभरात शंभराच्या पुढे क्वचितच गेला असेल.

खरी परीक्षा पातळ पाइपावर. २५ बाय २५ चा चौकोनी पाइप, जाडी १.६ मिमी. जाड पट्टीवर सुरेख चालणारा हात इथे भोकं पाडतो. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, होल्डर (रॉड धरायचा चिमटा) मायनसला आणि अर्थची, म्हणजे कामाच्या तुकड्याला लावायची, केबल प्लसला लावायची; उष्णता खोल कमी जाते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ट्रान्सफॉर्मरवालं एसी मशीन आहे, त्यात प्लस-मायनस सतत उलटतात, तिथे हा प्रश्नच येत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. दुसरी गोष्ट शेजारच्या शेडमधल्या फॅब्रिकेशनवाल्या काकांनी सांगितली: "अरे, ओढत काय बसलास? टाके मार, लाल गेलं की पुढचा." टाक्यावर अर्धा टाका चढवत गेलं की भोक पडत नाही. अँपियर बरोबर असेल तर आवाजच सांगतो, भजी तळताना येतो तसा सलग तडतडाट. मग वरचा स्लॅग (सांध्यावरची कडक खपली) चिपिंग हॅमर नुसता टेकवला तरी एका तुकड्यात सुटून येतो आणि खाली बारीक, सारखे खवले दिसतात. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी तोच तुकडा मी खिशात घालून फिरत होतो.

देखाव्याची फ्रेम याच पाइपाची केली. सांधा थंड होताना आकसतो आणि चौकट ओढून नेतो, त्यामुळे चारही कोपऱ्यांना आधी फक्त टाके, मग गुण्या लावून आणि दोन्ही कर्ण मोजून समोरासमोरचे कोपरे भरायचे. मंडळाच्या पोरांना हे कर्णाचं प्रकरण उगाच वाटत होतं, पडदा तिरका बसला असता तेव्हा पटलं असतं.

पावसाळ्यात रॉड दमट होतात, आर्क थुंकतो. ६०१३ बऱ्यापैकी सोशिक आहे; १००-१२० अंशांवर तासभर तापवला की सुधारतो. ७०१८ या दुसऱ्या प्रकारच्या रॉडच्या नादी घरी लागू नका, त्याला साडेतीनशेच्या आसपास भाजायला लागतं.

आता तक्रारी. सोबत आलेली केबल 'कॉपर' म्हणून दिलीय, खरवडली तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. अर्धा तास काम केलं की लग्सपाशी (केबलच्या टोकाच्या जोडणीपाशी) हात लावता येत नाही. मी १६ स्क्वेअर मिमीची खरी तांब्याची टाकली. अर्थ क्लॅम्पचा स्प्रिंगही लेचापेचा. आर्क फडफडत असेल तर आधी क्लॅम्पखालचा रंग-गंज घासून बघा, मशीनला शिव्या नंतर. आणि ग्राइंडर मशीनपासून लांब चालवा. आतला पंखा लोखंडाची भुकटी ओढतो आणि ती बोर्डावर बसली की शॉर्ट. प्लग काढून, थोडा वेळ थांबून, मी अधूनमधून पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतो.

डिस्प्लेवरचा आकडा आणि खरा करंट यात फरक आहे, पण सवय होते. घरमालक काकूंची ट्यूब लुकलुकते, त्याची होत नाही.

हेल्मेटमध्ये कंजूषी नको. आपोआप काळं होणारं, शेड (काचेचा काळेपणा) ९ ते १३ चं घ्या. माझं १० वर असतं. मशीनसोबत येणारी हातात धरायची पाटी भंगारात द्या, एका हाताने पातळ पाइप जमत नाही. आणि जीआय पाइपावरचा जस्ताचा थर सांध्यापाशी घासूनच काढा, त्याचा धूर अंगात ताप आणतो.

बाहाच्या (कॉलेजच्या पोरांनी गाडी बनवायची स्पर्धा) टीममधल्या ज्युनिअरांनी विचारलं, रोल केज (चालकाभोवतीचा पाइपांचा सांगाडा) यावर करू का? नाही. तिथे किमान ०.१८ टक्के कार्बनचा पाइप लागतो, सांध्यांची तपासणी होते, शिवाय आत माणूस बसतो. ते टिगवाल्याकडेच (टिग हा वेल्डिंगचा वेगळा प्रकार) द्या. जिग (तुकडे जागेवर धरायचा साचा), टेबल, ट्रॉली, इंजिन ठेवायचं स्टँड यांसाठी मात्र खुशाल घ्या. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात ट्रान्सफॉर्मरवालं मशीन स्वस्तात दिसेल, पण ते तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण ते आधी ठरवा.