बियाणं उसनं देणारं दुकान (4 स्टार, एक बाटलीपायी कापला)

केज तालुक्यात मांजरेकाठच्या काही गावांतल्या बचत गटांच्या बायका हे दुकान चालवतात. पत्र्याचं शेड, बोर्डावरची अक्षरं उन्हानं उडालेली, पहिल्या खेपेला आम्ही सरळ पुढंच निघून गेल्तो.

गेलो होतो दगडी ज्वारी विचारायला. जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच होतं. मावशी तोंडावर म्हणल्या, "दगडी न्हाई बाबा, ती जालन्याकडची. ही आमची मालदांडी हाय, पटली तर घे." आता असं गिऱ्हाईक कोण परत लावतं सांगा. पीठ घेतलं, गावरान तूरडाळ घेतली, डाळीत दोन खडे निघाले पण शिजली की वास असा सुटतो की शेजारीण विचारायला आली. रेट बाजारापेक्षा जास्त आहे, घासाघीस चालत नाही, मी करून बघितली.

खरी गंमत बियाण्याची आहे. खायची ज्वारी विकतात, बी विकत नाहीत. उसनं देतात! एकराला 4 किलो न्यायचं आणि रास झाली की 8 किलो परत आणून द्यायचं, वहीत नाव लिहितात बस्स. बी राखेत कालवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवलेलं. मला सांगितलं की परत द्यायचं बी वावराच्या मधल्या कणसांचं काढ, बांधाकडच्या कणसांत शेजारच्या वाणाची भेसळ होती. मी जरा शंकेखोर माणूस, घरी येऊन ओल्या गोणपाटात 100 दाणे मोजून गुंडाळले, चौथ्या दिवशी उघडलं तर 91 ला कोंब. मागच्या साली पिशवीबंद सोयाबीनचं बी आणलं होतं (कंपनीचं नाव घेत नाही), ते निम्मं उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली, तक्रार करून काय मिळालं तर पोच.

सोबत एक ताई ओढा दाखवायला आल्या. ओढ्याच्या काठापर्यंत नांगर घालायचा नाही आणि काठाला फवारणी करायची नाही असं गावांनी आपसात ठरवलंय, त्यामुळं करंज, निरगुडी, बोरी सगळं उभं आहे, बाभळीला सुगरणीचे खोपे लटकायलेत. आमच्याकडं तर बांध कोरू कोरू एवढुसा राहिलाय, त्यावर पाय ठेवला तरी भांडण. काठाला झाडोरा असला की माती धरणात वाहून जात नाही, पाणी मुरत मुरत उतरतं, असं ताई म्हणल्या. आम्ही लातूरचे, धनेगावचं धरण आटल्यावर काय होतं ते 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा रांगेत उभं राहून बघितलंय, त्यामुळं मी गप ऐकलं. वरच्या अंगाला ऊस मात्र अजून जोरात आहे, त्याबद्दल विचारलं तर ताई नुसत्या हसल्या.

आता बाटली. दशपर्णी अर्क (पिकावरच्या किडीसाठी फवारायचा, झाडपाला आंबवून केलेला) घेतला 5 लिटर, गाडीच्या डिकीत ठेवला, कुणी सांगितलं नाही की आतून अजून फसफसतंय, झाकण सैल ठेवा म्हणून. रेणापूरच्या अलीकडं फाट करून आवाज, मला वाटलं टायर गेलं. गोमूत्र, शेण, सीताफळाचा पाला, रुई, महिनाभर आंबवलेलं सगळं डिकीत, दिवाळी झाली तरी बायको गाडीत बसताना पदर नाकाला लावायली. फोन केला तर मावशी म्हणल्या, "आरं मग डिकीत आता कीड लागायची न्हाई." दुसरी बाटली फुकट दिली पण, ते सांगायला पाहिजे.

ज्वारी आता गुडघ्याला लागलीय. जाणारांनी सकाळी 11 नंतर जा, त्याआधी सगळ्या रानात असतात. रोख पैसे न्या, रेंज नसते. आणि अर्क घेतला तर टपावर बांधा.