रिमूव्ह, पर्ज की रीइन्स्टॉल?

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर एखादं सॉफ्टवेअर अडून बसलं की ‘काढ आणि परत टाक’ हा सल्ला जळगावपासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात फुकट मिळतो. पण काढायच्या तऱ्हा दोन (रिमूव्ह आणि पर्ज), आणि न काढता परत टाकायची तिसरी (रीइन्स्टॉल). बिघाड कुठे आहे ते आधी बघा, मग ठरवा.

प्रोग्रॅमच्या फाइली खराब झाल्या असतील तर ॲप्ट या सॉफ्टवेअर टाकायच्या-काढायच्या कमांडच्या ‘इन्स्टॉल’ला रीइन्स्टॉलचा पर्याय जोडा. तीच आवृत्ती पुन्हा बसते, सेटिंग राहतं, त्यावर अवलंबून असलेली पॅकेजं (म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) जागची हलत नाहीत. माझी पहिली पसंती हीच. पण घोळ सेटिंगमध्येच असेल तर याचा उपयोग शून्य.

रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंग फोल्डरमधलं सेटिंग मागे उरतं. डीपीकेजीच्या (ॲप्टच्या पोटात पॅकेजं बसवणारी कमांड) यादीत त्या पॅकेजपुढे ‘आरसी’ दिसतं ते यामुळेच. पुढे कधी लागणार असेल तर ठीक. बिघडलेल्या सेटिंगसाठी मात्र रिमूव्ह करून परत टाकलं तर जुनं दुखणं जसंच्या तसं हजर.

तिथे पर्ज हवा. तो ईटीसीतलं सेटिंगही पुसतो. प्रत्येक युजरचं स्वतःचं सेटिंग जिथे असतं त्या होम फोल्डरला मात्र तोही हात लावत नाही. त्यामुळे बिघाड एकाच युजरला दिसत असेल तर पर्जच्या भानगडीत पडू नका, त्या प्रोग्रॅमच्या लपलेल्या सेटिंग फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा चालू करून बघा.

पर्जची खरी भीती डेटाबेसला. समजा सावद्याच्या केळी व्यापाऱ्याची सगळी बिलं मारियाडीबी या डेटाबेसमध्ये आहेत. सर्व्हर पर्ज करताना मध्येच एक चौकट उघडते: सगळे डेटाबेस काढून टाकायचे का? घाईत ‘हो’वर एंटर दाबला की हंगामाचा हिशेब गेला. आधी डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढून पेनड्राइव्हवर घ्या, मगच पर्जचं नाव काढा.

खेड्यावर, इन्व्हर्टर नसलेल्या पीसीवर, निम्मं दुखणं लोडशेडिंगचं असतं. अपडेट चालू असताना लाइट गेली की पॅकेज अर्धवट राहतं. तेव्हा काही काढू नका. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

काहीही काढण्याआधी ॲप्टला ‘-एस’ लावून नुसती रंगीत तालीम करा. सोबत काय काय जाणार ती यादी नीट वाचा, त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर थांबा. आता नको झालेली पॅकेजं आपोआप काढणाऱ्या ऑटोरिमूव्हचंही तेच. स्नॅप या दुसऱ्या तऱ्हेच्या पॅकेजांचं गणित वेगळं: तिथे साध्या रिमूव्हनंतर डेटाची प्रत ३१ दिवस राहते, पर्ज जोडला तर राहत नाही.

नेटवर्कमॅनेजरला (नेट जोडून देणारा प्रोग्रॅम) मात्र रीइन्स्टॉलच, तेही आधी डाउनलोड-ओन्लीने पॅकेज उतरवून. तो काढून बसलात तर परत टाकायला नेट आणणार कुठून?